झिऱ्यावरचा लाल गोल

मी त्या गावच्या शाळेत जूनमध्ये रुजू झालो तेव्हा माझ्या वर्गात बावीस मुलं होती आणि त्यांतली पाच लंगडत होती. पहिल्या दिवशी मला वाटलं, खेळताना लागलं असेल. दुसऱ्या दिवशी पुढे बसणाऱ्या एकाने आपण होऊन पाय दाखवला. घोट्याच्या वर फोड फुटला होता आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखं काही बाहेर आलं होतं. दोऱ्याचं टोक एका काडीला गुंडाळून वर चिंधी बांधली होती.

“नारू हाय, मास्तर,” तो म्हणाला. “रोज दोन बोटं गुंडाळायचा. मधीच तुटला तर पाय सडतो.”

पाढा म्हणावा तसं त्याने ते सांगितलं. बाकीच्या मुलांनाही त्यात काही नवल नव्हतं. मी मात्र नारू पहिल्यांदाच पाहत होतो.

मी नाशिकचा. गंगेत पोहायला शिकलेला, पुण्याला कॉलेजात दोन वर्षं काढून पदवी न घेता परत आलेला. शास्त्र आणि गणित शिकवायची ही माझी पहिली नोकरी, तीही वर्षाच्या बोलीवर. गाव नांदगाव तालुक्यातलं, स्टेशनपासून टांग्याने तासाभरावर. जमीन मुरमाड, पाऊस बेताचा, ओढा दिवाळीनंतर आटायचा. शाळा इंग्रजी यत्तांची, एका कमिटीची होती आणि कमिटीचे अध्यक्ष होते गावचे शेठ. गावातली निम्मी जमीन त्यांची. वेशीजवळची थोरली बारव त्यांच्या आजोबांनी बांधलेली. खाली पाण्यापर्यंत दगडी पायऱ्या, दोन्ही बाजूंना कोनाडे. बाया त्या पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात उभ्या राहत आणि घागर बुडवून वर येत. अर्धं गाव हेच पाणी पीत असे, आणि मीही.

तीस सालानंतरची ती दोन-तीन वर्षं. नाशकात तेव्हा देवळाच्या दारासाठी जो सत्याग्रह चालला होता त्याबद्दल आमच्या मास्तरांच्या खोलीत कोणी बोलत नसे. विषय निघालाच तर हेडमास्तर घड्याळ बघत.

दिवाळीच्या सुट्टीत नाशिकला गेलो असताना ओळखीच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांना मी नारूबद्दल विचारलं. गावात लोक म्हणत की तो उष्णतेने होतो, कोणी म्हणत देवीचा कोप. डॉक्टर हसले. त्यांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. पाण्यात डोळ्याला जेमतेम दिसेल एवढी एक पिसू असते, तिच्या पोटात नारूचं पिल्लू असतं. माणूस ते पाणी न गाळता पितो. वर्षभराने किडा मोठा होऊन पायातून बाहेर येतो. मग तोच माणूस तो पाय घेऊन विहिरीत उतरतो, किडा पाण्यात हजारो पिल्लं सोडतो, ती पिसवांच्या पोटात जातात, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

“म्हणजे विहिरीत पाय बुडला नाही तर नारू संपला?” मी विचारलं.

“संपला. पण गावाला पटवून कोण देणार?” असं म्हणून त्यांनी टेबलाच्या खणातून एक जुनं भिंग काढून मला दिलं. “मुलांना दाखव. मोठी माणसं ऐकत नाहीत, मुलं निदान बघतात तरी.”

मी तरुण होतो. ते वाक्य मला फार आवडलं.

सुट्टीनंतर मी वर्गाला सांगितलं की आता सृष्टिज्ञानाचं पुस्तक महिनाभर मिटून ठेवायचं. शनिवारी शाळा सकाळची असे. ती सुटली की आम्ही गावातल्या पाणवठ्यांवर जायचं, प्रत्येक ठिकाणचं एक घागर पाणी बारीक कापडातून गाळायचं, कापडावर राहील ते काचेच्या पेल्यात धुवून घ्यायचं आणि भिंगाखाली मोजायचं. मोमिनपुऱ्यातल्या एका विणकराच्या मुलाने घरून मलमलीसारखा तुकडा आणला. पहिल्या शनिवारी बारवेचं पाणी पेल्यात घेऊन मी उन्हाकडे धरलं आणि भिंग लावलं, तर आत धक्के देत पळणारे पांढरे ठिपके. त्यांना एकच डोळा असतो असं मी सांगितल्याबरोबर मुलांनी त्यांचं नाव ‘काण्या’ ठेवून टाकलं. त्या दिवसापासून वर्गात दुसरं काही कोणाला सुचेना. भूमितीच्या तासाला मागून हळूच आवाज यायचा, “मास्तर, आज कुठल्या विहिरीच्या काण्या?”

वर्गात दाराशी, स्वतःच्या गोणपाटावर एक मुलगा बसत असे. महारवाड्यातला. त्या वस्तीतून इंग्रजी शाळेपर्यंत पोचलेला तो एकटा. वय तेरा असेल. बाकीची मुलं पेल्याभोवती गर्दी करत तेव्हा तो दोन हात लांब उभा राही. तिसऱ्या शनिवारी मी बाजारातून एक वेगळा पेला आणला आणि त्याला दिला. म्हटलं, “हा तुझा. यात तू मोज.” मला त्या वेळी काहीतरी मोठं केल्यासारखं वाटलं. एकाच पेल्यात सगळ्यांनी मोजा, असं म्हणायचं मला सुचलं नाही. की सुचलं होतं आणि मी ते बाजूला सारलं? आज मला खात्रीने सांगता येत नाही.

पण नजर त्याचीच खरी होती. बाकीचे दहा मोजून थांबत, तो पेला फिरवून तळाशी बसलेल्या आणखी चार दाखवी. मेलेल्या वेगळ्या, जिवंत वेगळ्या. त्याने वहीत रकाने आखले होते: पाणवठा, वार, ऊन की ढग, पाण्यात पाय पडतो की नाही. तो शेवटचा रकाना मी सांगितलेला नव्हता. त्याने स्वतःच्या मनाने घातला होता.

गावात सात पाणवठे निघाले. मोमिनपुऱ्याच्या विहिरीला रहाट होता, पाणी दोराने वर येई, तिच्यात काण्या जवळजवळ नव्हत्याच. थोरल्या बारवेत दर खेपेला सापडत. सगळ्यांत शेवटी राहिला महारवाड्याचा झिरा. ओढ्याच्या वाळूत खणलेला हातभर रुंद खड्डा, त्यात पाझरून येणारं पाणी करवंटीने भरून घ्यायचं. तिथे जायला कोणी मुलगा तयार नव्हता. तो एकटा गेला, गाळून आणलं, मोजलं आणि म्हणाला, “एक पण नाय, मास्तर.”

वर्गात हसू फुटलं. “स्वतःचं म्हणून खोटं सांगतोय,” कोणीतरी म्हणालं.

त्याने वहीत शून्य लिहिलं. पुढच्या शनिवारी मी स्वतः त्याच्याबरोबर झिऱ्यावर गेलो. बाया बाजूला सरकून उभ्या राहिल्या. मी पाणी गाळलं आणि तो पेला वर्गात आणून टेबलावर ठेवला. एकेकाने पेल्याला हात न लावता भिंगातून पाहिलं. काही नव्हतं. कारणही त्यानेच सांगितलं, “एवढुश्या खड्ड्यात पाय कोण घालंल? करवंटी तेवढी बुडती.”

“मग तुमच्या वस्तीत नारू नाही?” मी विचारलं.

“हाय की. तिघांना हाय.” तो अडखळला. “बघून सांगतो.”

आठवडाभर शाळा सुटल्यावर तो घरोघर फिरला. शनिवारी येऊन त्याने वही माझ्यापुढे सरकवली. तिघं आजारी होते ते तिघंही शेठच्या खळ्यावर कामाला जाणारे. खळ्यावर त्यांना प्यायला बारवेचं पाणी वरून ओंजळीत ओतत. जे खळ्यावर जात नव्हते, ज्यांनी कायम झिऱ्याचंच पाणी प्यायलं होतं, त्यांच्यात एकालाही नारू नव्हता. बारवेत त्यांच्यापैकी कोणी कधी पाऊल टाकलेलं नव्हतं. टाकूच देत नव्हते. म्हणजे बारव नासवली होती ती गावाने, स्वतःच्या पायांनी.

त्याने हे सगळं सांगितलं तेव्हा आवाजात कसलीच कुरकुर नव्हती. गणित सुटल्यावर मुलाचा चेहरा जसा होतो तसा त्याचा झाला होता. मी आयुष्यात तीस वर्षं शिकवलं. असा चेहरा मी त्यानंतर तीन-चारदाच पाहिला असेन.

त्याच दिवसांत आम्ही आणखी एक प्रयोग केला. शाळेच्या मागे पायऱ्यांची एक पडीक विहीर होती, तिचं पाणी कोणी पीत नसे, पण काण्या भरपूर. मुलांनी ओढ्याच्या उरल्यासुरल्या डोहातून बोटाएवढे मासे धरून तिच्यात सोडले आणि पाळीपाळीने राखण केली, कोणी गळ टाकू नये म्हणून. महिना-दीड महिन्यात काण्या इतक्या कमी झाल्या की मोजणाऱ्यांची भांडणं लागली, माझ्या पेल्यात एक तरी हवी होती म्हणून. त्या विहिरीच्या काठावर बसून ही मुलं पहिल्यांदाच एकमेकांना मासा काय खातो, मासा नसला तर काय होतं, असले प्रश्न विचारत होती. शाळा याच्यासाठी असते असं मला तेव्हा वाटे. अजूनही वाटतं. म्हणून तर पुढचं सांगताना जीभ कडू होते.

माघात नाशिकहून एक डॉक्टर तालुक्याची आरोग्याची पाहणी करायला यायचे होते. ते शाळेलाही भेट देणार होते. हेडमास्तरांनी मला बोलावून सांगितलं, “तुमचा तो पाण्याचा उद्योग एका मोठ्या कागदावर उतरवा. भिंतीवर लावू. शाळेचं नाव होईल.”

आम्ही गावाचा नकाशा काढला. स्वच्छ पाणवठ्याला निळा गोल, नारूच्या पाणवठ्याला लाल. थोरल्या बारवेवर लाल. खाली सूचना लिहायच्या होत्या. मुलांनी सांगितल्या: बारवेच्या पायऱ्या बंद करून रहाट बसवावा, पाणी गाळून प्यावं, विहिरींत मासे सोडावेत. दारातून तो म्हणाला, “आमच्या वस्तीला एक बांधीव विहीर द्यावी, असं लिवा ना मास्तर. झिरा चैतात पार बारीक होतो.”

मी म्हणालो, “तो आपल्या पाहणीचा विषय नाही.” आणि ती सूचना लिहिली नाही. तीन सूचना छान सुटसुटीत दिसत होत्या.

डॉक्टर सोमवारी यायचे होते. रविवारी दुपारी हेडमास्तर नकाशा बघायला शाळेत आले. एकेका गोलावर बोट फिरवलं. मग त्यांनी दार लोटून घेतलं.

“हा लाल गोल बारवेवर आहे.”

“हो. सगळ्यात जास्त तिथेच सापडल्या.”

“ती शेठजींच्या आजोबांची बारव आहे हे माहीत आहे ना तुम्हाला? उद्या शेठजी डॉक्टरांच्या शेजारी खुर्चीवर बसणार. त्यांच्यासमोर तुम्ही सांगणार की यांच्या वाडवडिलांनी गावाला रोग पाजला?”

“तसं नाही, पायऱ्यांमुळे...”

“पायऱ्या काय आणि बारव काय. शाळेची इमारत कोणी दिली? तुमची नेमणूक जूनमध्ये कायम व्हायची आहे, त्या कागदावर सही कोणाची?” ते आवाज मऊ करून म्हणाले, “हे पाहा, मी काही तुमच्या शास्त्राच्या आड येत नाही. पाणी गाळून प्या हे सांगायचं आहे ना? सांगा की. मासे, भिंग, सगळं दाखवा. हा गोल तेवढा सरकवा. ओढ्यावरचा तो झिरा उघड्यावरच आहे. तिथे लाल गोल असला तर कोणाला वावगं वाटणार नाही.”

“पण तिथे काही सापडलं नाही.”

“आज नाही सापडलं, उद्या सापडेल,” हेडमास्तर म्हणाले आणि निघून गेले.

मी तिथे एकटाच होतो. कोणी माझा हात धरला नव्हता. धमकी म्हणावी तर तीही नीटशी नव्हती. मी स्वतःशी वाद घातला, आणि तो जिंकायला मला फार वेळ लागला नाही. मुख्य गोष्ट पाणी गाळून पिण्याची, ती तर नकाशावर आहेच. लोकांनी पाणी गाळलं की बारवेतला नारू आपोआप जाईल. नोकरी राहिली तर पुढच्या वर्षी खरं सांगता येईल. मी नवा कागद घेतला आणि पूर्ण नकाशा पुन्हा काढला, कारण जुन्यावरचा लाल रंग खोडून निघेना. बारवेला निळा, झिऱ्याला लाल. उन्हं उतरायच्या आत काम झालं. हात चांगला होता माझा, नकाशा आधीपेक्षा सुबक आला.

सोमवारी वर्ग सारवून घेतला होता. शेठ आणि डॉक्टर खुर्च्यांवर, हेडमास्तर उभे. डॉक्टर चाळिशीतले, दमलेले, पण मन लावून बघणारे होते. त्यांनी भिंगातून पाहिलं, माशांची गोष्ट ऐकून दोनदा “वा” म्हणाले. मग नकाशासमोर आले.

मुलांनी हा नवा नकाशा तेव्हाच पाहिला. वर्गात कुजबुज झाली आणि लगेच थांबली. मुलं शहाणी असतात. कोणी काही बोलायचं नाही हे त्यांना मोठ्यांच्या चेहऱ्यांवरून कळलं.

“म्हणजे सगळा दोष या ओढ्यावरच्या खड्ड्याचा?” डॉक्टरांनी विचारलं.

“नाय साहेब.” दारातून आवाज आला. तो उभा राहिला होता, वही छातीशी धरून. “हे चुकलंय. आमच्या झिऱ्यात काण्या नायत. बारवेत हायत. माझ्याकडे लिवलंय.”

हेडमास्तर त्याच्याकडे निघाले तसा डॉक्टरांनी हात करून त्यांना थांबवलं. “थांबा. काय लिहिलंय त्याने?” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “मास्तर, पाहणी तुम्ही करून घेतलीत. हा म्हणतो ते बरोबर आहे का?”

माझ्यासमोर तो मुलगा उभा होता. मी हो म्हणणार याची त्याला जराही शंका नव्हती. त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं की मास्तरांची नजरचूक झाली, आता ते दुरुस्त करतील.

मी म्हणालो, “लहान आहे, साहेब. आपल्या वस्तीचा कमीपणा नको म्हणून बोलतोय.”

डॉक्टरांनी मान हलवली. शेठनी पानाचा डबा उघडला. मुलगा खाली बसला. रडला नाही. त्याने वही बंद केली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवले. त्या तासाभरात त्याने माझ्याकडे पुन्हा पाहिलं नाही. जाताना गोणपाट गुंडाळून काखेत घेतलं. रोज ते तो तिथेच ठेवून जात असे. त्यानंतर तो शाळेत आला नाही.

डॉक्टरांनी त्यांच्या बाजूने चोख काम केलं. आठ दिवसांत माणसं आली, झिऱ्यात चुन्याची पोती रिकामी केली आणि वर दगड लोटले. महारवाड्यातले लोक काठावर उभे राहून बघत होते. एका म्हातारीने विचारलं म्हणे, आता पाणी कुठून प्यायचं? कोणीतरी सांगितलं, बारवेवर या, वरून वाढतील. गाव स्वतःवरच खूश झालं. एवढं मोठं मन करून बारवेचं पाणी वाढायला आपण तयार झालो, असं लोक बोलून दाखवत. वस्तीतल्या बाया बारवेच्या कठड्यापासून दहा पावलांवर घागरी मांडून बसत. कोणाला दया आली तर ती वरून ओते. कधी सकाळ जाई.

जूनमध्ये माझी नेमणूक कायम झाली. हेडमास्तरांनी पेढे आणले होते. मी एक खाल्ला.

मी त्या मुलाकडे जायला हवं होतं. पहिल्या महिन्यात गेलो नाही, मग दुसऱ्या महिन्यात जाणं आणखी अवघड झालं, आणि असं करत वर्ष गेलं. शनिवारची मोजणी मी बंद केली. मुलांनीही विचारलं नाही. कोणी एकाने जरी विचारलं असतं की मास्तर, मोजायला कधी जायचं, तरी मला बरं वाटलं असतं. त्यांनी धडा घेतला होता, आणि तो मीच दिलेला होता: डोळ्यांनी काहीही दिसो, नकाशा मोठी माणसं काढतात.

पुढच्या वर्षी वैशाखात महारवाड्यात नारू निघाला. आधी खळ्यावर जाणाऱ्या तिघांपुरता होता, आता घराघरांत. शाळेच्या शिपायाने मला सांगितलं, “पेरणीला तिकडून माणूस मिळना यंदा. समदे पाय धरून बसलेत.” तेव्हा कुठे मी गेलो.

तो घराबाहेर भिंतीला टेकून बसला होता. वर्षात उंच झाला होता. उजवा पाय पुढे पसरलेला, पोटरीला काडी बांधलेली. शेजारी त्याची लहान बहीण, तिच्याही पायाला चिंधी. मी समोर जाऊन उभा राहिलो.

“दुखतंय का फार?” मी विचारलं.

“सतरा घरं हायत आमची,” तो म्हणाला. “चौदा घरांत निघालाय. एकेका घरी दोघं-तिघं.” पूर्वी शनिवारी सांगायचा त्याच आवाजात त्याने सांगितलं. म्हणजे मोजणं त्याने सोडलं नव्हतं. मग त्याने मान वर केली. “आता तुमचा नकाशा बरोबर झालाय, मास्तर. लाल गोल आमच्यावरच पायजे.”

त्याची आई आतून आली. मला बसायला तिने काही मांडलं नाही, आणि मांडलं असतं तर मी बसलो असतो की नाही, तेही मला सांगता येत नाही. ती म्हणाली, “मास्तर, तुमी लय चांगलं शिकवता म्हनायचा हा. घरी येऊन आमाला समद्यांना कापडातनं पानी गाळायला लावायचा. आमी गाळत व्हतो. पन बारवेवर सकाळभर बसून तहान लागली की तितंच वंजळीनं पितो, आन् ते वरून पानी वाढत्यात तवा कापड धरू देत न्हाईत. म्हनत्यात, आमचं पानी का घान हाय?”

मी म्हणालो, मी शेठजींशी बोलतो. ती मुलीला उचलून आत घेऊन गेली.

शेठकडे मी खरंच गेलो. ओसरीवर ते एकटेच पान लावत बसले होते. मी उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं: पहिला नकाशा, लाल गोल, रविवारची दुपार. हेडमास्तरांचं नाव घ्यायचं टाळलं नाही आणि माझंही टाळलं नाही. बोलता-बोलता मला वाटत होतं, आता नोकरी गेली, आणि त्यात एक प्रकारचा सुटल्याचा आनंदही होता.

शेठनी पान तोंडात ठेवलं. “म्हणजे पायऱ्यांवर भिंत घालून रहाट बसवायचा, एवढंच?”

“एवढंच.”

“मग तेव्हाच येऊन सांगायचं होतंत. माझ्या नातीला गेल्या साली नारू झाला होता. मी काय नाही म्हणालो असतो?” ते माझ्याकडे कौतुकाने बघावं तसं बघत होते. “मला कोणी काही विचारलंच नाही. तुम्ही शिकलेली माणसं फार भिता बुवा.”

ते खरं बोलत होते की आता मोठेपणा घेत होते, मला कळलं नाही. आजही कळत नाही. खरं असेल तर माझ्यासारखा करंटा मीच. आम्ही दोघं, हेडमास्तर आणि मी, त्या माणसाच्या न आलेल्या रागाला भ्यालो आणि एका वस्तीचं पाणी बुजवलं. खोटं असेल तरी माझ्या हिशेबात काही फरक पडत नाही. विचारून बघायला मी गेलो नव्हतो.

आणि त्यांनी रहाट बसवला. पावसाळ्यानंतर पायऱ्यांच्या तोंडाशी भिंत आली, वर शेठच्या वडिलांच्या नावाची फरशी लागली. दोन वर्षांत गावातला नारू जवळजवळ दिसेनासा झाला. नाशिकला कळवलं गेलं. दमलेल्या डॉक्टरांनी हेडमास्तरांना अभिनंदनाचं पत्र पाठवलं, त्यात माझ्या पाहणीचा उल्लेख होता. मी त्यांना खरं काय ते लिहून कळवलं. महिन्याने उत्तर आलं, ते दुसऱ्याच माणसाच्या सहीचं: डॉक्टरांची बदली झाली आहे, प्रकरण समाधानकारक रीतीने मिटलेलं आहे. त्याच पाहणीच्या जोरावर मला नाशिकच्या एका शाळेत बोलावणं आलं. मी ते नाकारलं नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी महारवाड्यात गेलो. मुलगा नव्हता. आई अंगणात शेणी थापत होती. म्हणाली, तो मनमाडला रेल्वेच्या कामावर लागलाय, रुळांखालची खडी ठोकायच्या. पाय बरा झाला, थोडा वाकडा राहिला.

मी म्हणालो, “आता झिरा पुन्हा खणायला हरकत नाही. मी शेठजींना विचारलंय. बारवेवर ताटकळत बसायला नको तुम्हाला.”

तिने हात थांबवला नाही. “खनला व्हता, मास्तर. त्यानंच खनला, दगडं काढून, मनमाडला जायच्या आदी. पुरुषभर खाली गेला.” तिने एक शेणी थापून शेजारी ठेवली. “चुन्याचं पानी लागलं. मग तेबी आटलं. झरा मुरून गेला कुटं तरी.”

दुपारच्या टांग्याने मी स्टेशनवर आलो आणि पुढच्या आठवड्यात नाशिकच्या शाळेत रुजू झालो. नव्या हेडमास्तरांनी मला वर्गात नेलं आणि मुलांना सांगितलं, हे तुमचे शास्त्राचे नवे मास्तर, यांनी मुलांच्या मदतीने एका गावाचा नारू घालवला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले आणि फळ्यावर तारीख लिहिली.